गाणाऱ्याची पाटी : सप्ताहाच्या पत्रिकेपासून वेबसाइटपर्यंत

दिंद्रुड हे बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातले गाव. या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात देवळाच्या भिंतीवर, पारावर किंवा एस.टी.च्या थांब्यावर वर्षातून एकदा तरी एक मोठा कागद चिकटवलेला दिसतो. हल्ली कागदाऐवजी फ्लेक्सही असतो. ही अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका. आपण ती इतक्या वेळा पाहिलेली असते, की तिच्याकडे नीट पाहायचे राहूनच जाते. आज ती वाचू या.

सर्वांत वर देवाचे नाव व चित्र. त्याखाली ठळक अक्षरांत सोहळ्याचे नाव, प्रारंभ आणि समाप्तीच्या तिथी व तारखा. मग दैनंदिन कार्यक्रम : पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री हरिकीर्तन, नंतर जागर. मधोमध एक तक्ता. त्यात वार, कीर्तनकाराचे नाव, त्याचे गाव आणि त्या दिवसाचे अन्नदाते. शेजारी कीर्तनकारांची छोटी छोटी छायाचित्रे. तक्त्याखाली बारीक टाइपात गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, टाळकरी, चोपदार. तळाशी ‘विनीत : समस्त ग्रामस्थ’ आणि दोन-तीन फोन नंबर.

आता शाळेतल्या संगणकावर एखाद्या गायकाची किंवा वाद्यवृंदाची वेबसाइट उघडा. गायक पुण्याचा असो की लंडनचा, वर ठळक नाव आणि मोठे छायाचित्र असते. त्याखाली मेनू : परिचय, ऐका, कार्यक्रम, छायाचित्रे, संपर्क. ‘कार्यक्रम’ या पानावर तारीख, गाव, सभागृह आणि तिकीट असा तक्ता असतो. ‘ऐका’मध्ये चौकोनी चित्रांची रांग आणि प्रत्येकावर एक त्रिकोण. तळाशी पत्ता आणि फोन.

पत्रिका आणि वेबसाइट यांची मांडणी इतकी सारखी कशी? वेबसाइट आखणाऱ्यांनी दिंद्रुडची पत्रिका पाहिलेली नाही. पत्रिका छापणाऱ्यांनीही त्यांची वेबसाइट पाहून ती छापलेली नाही. दोघांसमोर प्रश्न मात्र तेच होते : कोण गाणार आहे? कसे गातात? कधी आणि कुठे? बोलवायचे असेल तर कोणाला विचारायचे? प्रश्न तेच असले की उत्तरांची मांडणीही हळूहळू सारखी होत जाते. अशा रुळलेल्या मांडणीला आपण ‘संकेत’ म्हणू. हे संकेत कुठून आले आणि ते ठरताना काय सुटून गेले, हे या लेखात पाहायचे आहे.

संकेत नसतील तर काय होते?

संकेतांची किंमत कळते ती ते नसतात तेव्हा. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ नावाची दोन अंतराळयाने सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली, तांब्याची, बारा इंची तबकडी आहे. तिच्यावर जगभरचे निवडक संगीत आहे, आणि त्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे ‘जात कहाँ हो’ हे भैरवीतले गाणेही आहे.

ही तबकडी कोणाच्या हाती पडली, तर ती कशी वाजवायची हे त्याला कसे कळावे? त्याला आपली भाषा येत नसणार, तबकडी म्हणजे काय हेही ठाऊक नसणार. म्हणून तिच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर सगळे चित्रांनी कोरले आहे. सुई कुठे ठेवायची, हे दाखवले आहे. तबकडीच्या एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागायला हवेत. पण ‘सेकंद’ हाही आपलाच संकेत! म्हणून हा काळ हायड्रोजनच्या अणूत घडणाऱ्या एका बदलाच्या कालावधीच्या पटीत, द्विमान अंकांत लिहिला आहे. वाचणाऱ्याशी आपला एकही समान संकेत नसला, की एक गाणे लावायला सांगण्यासाठी थेट अणूपर्यंत जावे लागते. वेबसाइटवरचा छोटासा त्रिकोण हेच काम क्षणात करतो. कारण तो आपण आधी टेपरेकॉर्डरच्या बटणावर पाहिलेला असतो.

नवे माध्यम आले की जुन्यातले ओळखीचे संकेत असे त्याच्यासोबत येतात. गाण्याच्या बाबतीत हा प्रवास कसा झाला, ते क्रमाने पाहू.

हँडबिल आणि तबकडीचे लेबल

गावात एकाच घराण्याकडे सनई-संबळ असेल, तर त्यांना पाटीची गरज नसते. गाव त्यांना ओळखतेच. अनोळखी लोकांसमोर तिकीट लावून गायचे झाले की पाटी लागते. विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या, तशी त्यांच्या हँडबिलांची भाषा आणि मांडणीही ठरून गेली. वर मंडळीचे नाव, मध्ये मोठ्या टाइपात नाटक, खाली दिवस, वेळ, तिकिटांचे दर. आजच्या वेबसाइटवरचे ‘कार्यक्रम’ हे पान म्हणजे हेच हँडबिल.

हँडबिल वाचून गाणे ऐकू मात्र येत नसे. ते ध्वनिमुद्रणाने शक्य केले. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कोलकात्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव मोठ्याने सांगते. तेव्हा तबकड्यांचे छाप जर्मनीतल्या हॅनोव्हरला निघत. तिथल्या कामगारांना हिंदुस्थानी गाणे आणि गाणारी ओळखता यावी म्हणून हे नाव सांगितले जाई, असे म्हणतात. १९०८ साली कोलकात्यात सियालदहला कारखाना सुरू झाला. पुढे नाव पुकारण्याची गरज उरली नाही, कारण ते काम कागदी लेबल करू लागले.

हे लेबल म्हणजे जेमतेम साडेसात सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ. त्यात मधोमध भोक. वरच्या अर्ध्या भागात कंपनीचे नाव आणि बोधचिन्ह, उदाहरणार्थ ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा तो कुत्रा. उरलेल्या जागेत गाण्याचे बोल, राग, भाषा, गायकाचे नाव आणि क्रमांक. नाट्यपद असेल तर नाटकाचे नावही. आता वादकांची नावे लिहायची कुठे?

इथे पहिली गळती झाली. बालगंधर्वांना नाटकात तबल्यावर अहमदजान थिरकवां आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारख्यांची साथ होती. रसिक त्या साथीसाठीही नाटकाला जात. पण त्या काळच्या तबकड्यांच्या लेबलांवर साथीदारांची नावे सहसा नसत. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्या जमवून त्यांच्या माहितीची नोंद करण्याचे मोठे काम केले. अशा कामात गायक, क्रमांक आणि कंपनी यांचा माग काढता येतो. पण लेबलावर जे नावच नाही, ते शोधायचे कुठे? तबला स्वच्छ ऐकू येतो, पण वाजवणारा कोण हे कळत नाही.

जागा वाढली, जागा आटली

७८ गतीच्या तबकड्या बहुधा साध्या कागदी पाकिटात मिळत. १९४० साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने तबकड्यांच्या वेष्टनावर चित्र छापण्याची कल्पना मांडली. १९४८ मध्ये लाँगप्ले तबकडी आली. तिचे वेष्टन म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर बाजूचा चौरस. पुढे चित्र आणि मागे लिहायला भरपूर जागा.

आपल्याकडे १९६०च्या दशकापासून शास्त्रीय संगीताच्या लाँगप्ले निघू लागल्या. त्यांच्या मागच्या बाजूला गायकाचा परिचय, घराणे, रागाची माहिती आणि बहुतेक वेळा तबला, हार्मोनियम, सारंगी वाजवणाऱ्यांची नावेही असत. अनेकांनी राग कोणत्या वेळचा हे त्या मजकुरातूनच शिकून घेतले. वेबसाइटवरचे ‘परिचय’ हे पान आणि गाण्यांची ती चौकोनी चित्रे, दोन्ही इथूनच आली. पडद्यावर गाण्याचे चित्र चौकोनीच का असावे, याला तांत्रिक कारण काही नाही. गोल तबकडी चौकोनी पाकिटात बसत होती, एवढेच.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. १९८०च्या दशकात ती आपल्या गावागावांत पोहोचली. स्वस्त कॅसेटने फार मोठे काम केले. ज्यांना मोठ्या कंपन्यांनी कधी दारात उभे केले नसते, अशा गायकांची लोकगीते, भीमगीते, भारुडे आणि भजने बाजारात आली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज चहाच्या टपरीपासून ट्रकपर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागला.

पण कॅसेटच्या कार्डाचा दर्शनी भाग दहा सेंटिमीटर बाय साडेसहा. वर्गात हे गणित करायला लावा. लाँगप्लेच्या वेष्टनाचे क्षेत्रफळ ३१ × ३१, म्हणजे ९६१ चौरस सेंटिमीटर. कॅसेटच्या कार्डाचे ६५. जागा सुमारे पंधरापट आटली! त्यात देवाचे किंवा गायकाचे छायाचित्र, गाण्यांची यादी आणि कंपनीचे नाव बसवल्यावर ढोलकीवाल्याचे नाव पुन्हा बाहेर राहिले.

वेबवर आलेले गाणे

१९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकीच्या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत, हा त्यामागचा हेतू. तरीही वेबवर चढवल्या गेलेल्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी एक होते चार गायिकांचे. ‘ले ओरिब्ल सेर्नेत’ हे सर्नमधल्याच हौशी गायिकांचे पथक. त्यांची गाणी कणभौतिकीवरची. ते छायाचित्र १९९२ सालचे आहे. म्हणजे वेबला चित्रे दाखवता येऊ लागली, तेव्हाच गाणारेही तिथे हजर होते.

१९९३ साली अमेरिकेतल्या काही विद्यार्थ्यांनी ‘इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह’ सुरू केले. कोणतीही कंपनी पाठीशी नसलेल्या वाद्यवृंदांनी आपली गाणी तिथे ठेवावीत, हा उद्देश. एक छायाचित्र, थोडा परिचय आणि गाण्याची फाइल, हा साचा तेव्हापासूनचा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. आपल्या संगीतात या वाटेने लवकर गेलेल्यांपैकी शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान हे दांपत्य. त्यांनी २००३ साली ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स’ सुरू केली आणि ध्वनिमुद्रणे वेबसाइटवरून श्रोत्यांपर्यंत नेण्याचा मार्ग काढला. यातले अनीश प्रधान हे स्वतः तबलावादक आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे.

मधल्या काळात काही संकेत आले आणि गेलेही. १९९६च्या अखेरीस ‘फ्लॅश’ हे हलती चित्रे दाखवणारे साधन आले. मग संगीतकारांच्या वेबसाइटना एक प्रवेशद्वार बसले. काळ्या पडद्यावर नाव उगवायचे, संगीत आपोआप सुरू व्हायचे आणि ‘आत या’ असे बटण दिसायचे. नाटकापूर्वीच्या नांदीसारखाच हा प्रकार. पण नांदी एका खेळाला एकदाच होते. इथे फोन नंबर शोधायला आलेल्या माणसालाही ती दर वेळी ऐकावी लागे. २०१८ साली क्रोम या ब्राउझरने आपोआप वाजणाऱ्या आवाजाला आळा घातला आणि २०२० अखेर फ्लॅशच बंद झाले. पाहणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर न देणारा संकेत फार काळ टिकत नाही, तो असा.

मराठीपुढे आणखी एक अडचण होती. देवनागरी अक्षरांना युनिकोडमध्ये १९९१ सालीच क्रमांक मिळाले होते. पण पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टाइप केला जाई. अशा फाँटात पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या साठ्यात एखादे रोमन अक्षर असे. डोळ्यांना ‘कीर्तन’ दिसे आणि शोधयंत्राला अर्थहीन अक्षरांची जुळणी. पाटी लावलेली होती, पण शोधणाऱ्याला ती वाचताच येत नव्हती.

तीस खुणांचा रकाना

आता सर्वांत महत्त्वाच्या गळतीकडे येऊ. १९९६ साली एरिक केम्प याने एमपी-थ्री फाइलच्या शेपटाला माहितीची चिठ्ठी जोडण्याची एक पद्धत सुचवली. ही चिठ्ठी १२८ बाइटची. तिची विभागणी अशी : ओळखखूण ३, गाण्याचे नाव ३०, कलाकार ३०, संग्रहाचे नाव ३०, वर्ष ४, टिप्पणी ३० आणि प्रकार १. बेरीज करून पाहा, बरोबर १२८ येते.

‘कलाकार’ हा रकाना एकच आणि तो तीस बाइटचा. ही रचना रोमन लिपीसाठी होती. एका अक्षराला एक बाइट. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांनाही प्रत्येकी तीन. त्या हिशेबाने तीस बाइटमध्ये दहा खुणा बसल्या असत्या. आता ‘मृदंगाचार्य’ हा शब्द फोडा : म, ऋकाराची खूण, द, अनुस्वार, ग, काना, च, काना, र, हलन्त, य. झाल्या अकरा खुणा, म्हणजे तेहेतीस बाइट. वादकाचे नाव तर दूरच, त्याची पदवीसुद्धा त्या रकान्यात मावली नसती!

‘प्रकार’ या रकान्यासाठी ऐंशी संगीतप्रकारांची यादी होती. तीत युरोपातला पोल्का होता. पण ख्याल, अभंग, लावणी, पोवाडा यांपैकी एकही नव्हता. १९९८ मध्ये सुधारित पद्धत आली आणि जागेची ही मर्यादा उठली. तरीही ‘एक गाणे, एक कलाकार’ हा साचा मनात रुजून गेला. मोबाइलवर गाणे लावल्यावर चौकोनी चित्राखाली आजही मुख्यतः दोन ओळी दिसतात : गाण्याचे नाव आणि गायकाचे नाव. स्पॉटिफायने गीतकार आणि निर्मात्यांची नावे दाखवायला सुरुवात केली ती २०१८ साली, आणि तीसुद्धा गाण्याच्या मेनूत शिरल्यावरच दिसत.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. लेबलावर आणि कॅसेटच्या कार्डावर जागाच नव्हती. वेबसाइटवर जागेची टंचाई नाही. पान हवे तितके लांब करता येते. तरीही नावे गळतात, कारण जुन्या माध्यमाची अडचण नव्या माध्यमात सवय होऊन बसली आहे. संकेत आपले काम सोपे करतात. पण एकेकाळी नाइलाजाने केलेली काटछाटही ते सोबत आणतात.

बारीक टाइपातली माणसे

बीड जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी घरचा आहे. या जिल्ह्यातले एक ख्यातनाम वादक म्हणजे अंबाजोगाई परिसरातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर. ते पखवाजवादक होते आणि १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पखवाज-मृदंग हे भजन-कीर्तनातले साथीचे वाद्य. जिल्ह्याची संगीतातली कीर्ती ज्या परंपरेने वाढवली, ती परंपराच बहुतांशी साथीदारांची आहे. ‘एक गाणे, एक कलाकार’ या रकान्यात तिला जागा कुठे?

आता सुरुवातीच्या पत्रिकेकडे परत येऊ. तिच्यात टाइप बारीक असेल, पण मृदंगाचार्य आहेत, विणेकरी आहेत, टाळकरी आहेत. ज्या गावाहून ते आले त्या गावाचे नाव आहे. त्या दिवशी पंगत कोणी घातली तेही आहे. ही पत्रिका छापणाऱ्यांनी मांडणीचे शास्त्र शिकलेले नसते. मात्र सोहळा एकट्याचा नसतो, हे गावाला पक्के माहीत असते, आणि कोणाचे नाव राहिले तर दुसऱ्याच दिवशी विचारणाराही गावातच असतो. तबकडीच्या कारखान्यात असा विचारणारा कोणी नव्हता.

पत्रिकेत सगळे आहे असेही नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाया तीत क्वचितच येतात. लग्नाच्या बँडची पाटी पाहिली तर तीवर बँडचे नाव, मालकाचे नाव, गाव आणि सुपारी देण्यासाठी फोन नंबर असतो. क्लॅरिनेट वाजवणारा, ताशा वाजवणारा तीवर नसतो. शिवाय सप्ताह संपला की पत्रिका पावसात भिजून जाते आणि पुढच्या वर्षी त्याच जागी दुसरी चिकटते. तिच्यात नावे खूप, पण आयुष्य आठ दिवसांचे. वेबसाइट जास्त टिकू शकते, पण तिच्यात नावे थोडी. या दोन्हींचे चांगले गुण एकत्र आणता येणार नाहीत का?

वर्गात करून पाहू या

यासाठी मोठी साधने लागत नाहीत. नववी-दहावीच्या मुलांना गावातल्या जुन्या सप्ताहपत्रिका, नाटकांची हँडबिले, कॅसेटची कार्डे, लग्नाच्या बँडची व्हिजिटिंग कार्डे गोळा करायला सांगा. प्रत्येकावर कोणाची नावे आहेत, कोणाची नाहीत आणि कोणते नाव किती मोठ्या अक्षरांत आहे, याचा तक्ता करा. मग एखाद्या गायकाची वेबसाइट उघडून तिच्यासाठी तोच तक्ता भरा. दोन्ही शेजारी ठेवले की मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतील.

त्यानंतर आपल्या गावातल्या वाजवणाऱ्यांची आणि गाणाऱ्यांची नोंद एका वहीत करा. हलगी, संबळ, सनई, मृदंग, पेटी, जात्यावरच्या ओव्या, भारूड, कशाचाही वगळ नको. नाव, वाद्य, कोणाकडून शिकले, किती वर्षे वाजवतात, कोणाबरोबर वाजवतात. शेवटचा रकाना विसरू नका, कारण बाकी सगळीकडे नेमका तोच सुटला आहे. हीच वही पुढे शाळेच्या वेबसाइटवर जाऊ शकेल. मात्र ज्यांची माहिती आहे त्यांना आधी विचारा आणि त्यांची हरकत असेल तर फोन नंबर व पत्ता वगळा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे आणखी वीस वर्षांनी कोणी ‘दिंद्रुड’ आणि ‘मृदंग’ असे शोधले तर त्याला उत्तर मिळेल.

जुन्या तबकडीवरचा अनामिक तबलजी आता कोण होता, हे सांगणारे कोणी उरले नाही. आपल्या गावातल्या मृदंगवाल्याला आज त्याच्या घरी जाऊन विचारता येते.